झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजा

तळवड्यातल्या फ्लॅटमध्ये पॉमेरेनियन, पग अशी लहान कुत्रीच जास्त सोयीची. नेमकी हीच उतारवयात हृदयाच्या डाव्या झडपेचा आजार ओढवून घेतात. झडप जाड होते, रक्त मागे गळते. तरी कुत्रे बरीच वर्षे मजेत जिन्यावर उड्या मारते. खोकला किंवा धाप दिसेपर्यंत आजार जुना झालेला असतो.

रक्त मागे गळल्याचा छातीतला आवाज, म्हणजे ‘मर्मर’, मात्र स्टेथोस्कोपला आधीच ऐकू येतो. त्यासाठी लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांकडे दोन मिनिटे जास्त मागून घ्यावीत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ चाचणीत 360 कुत्री होती: हृदय वाढलेले, लक्षणे नाहीत. पिमोबेंडन हे औषध दिलेल्या गटात हृदय निकामी होणे सुमारे 15 महिने लांबले. पण मर्मर ऐकली की गोळी सुरू, असे नव्हे; आधी एक्स-रे, इको.

डॉबरमनची गोष्ट वेगळी. त्याच्या हृदयाचा स्नायूच दुबळा होतो, मर्मर नसूही शकते. तिथे 24 तासांचा होल्टर ईसीजी कामी येतो.

घरी एवढे करा: कुत्रे गाढ झोपले की छाती वर-खाली झाली म्हणजे एक श्वास, असे मिनिटभर मोजा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.