फेकणारा हात आणि पुढे पडणारा पाय

तीन वर्षांच्या मुलाला चेंडू फेकायला सांगा आणि चेंडूकडे नाही, त्याच्या पायांकडे बघा. ते जागचे हलत नाहीत. कंबरही वळत नाही. नुसतं कोपर उघडतं आणि चेंडू जवळच पडतो. मूल थोडं मोठं झालं की पाय पुढे येतो, पण बहुधा फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचा. आणि मग कधीतरी विरुद्ध पाय पुढे पडतो. काय बदल होतो तेव्हा! पाय टेकताच आधी कंबर वळते, मागोमाग छाती, मग खांदा, आणि हात सर्वांत शेवटी आसूडाच्या टोकासारखा सुटतो. चेंडूचा वेग जमिनीपासून चढत आलेला असतो.

हे वयाबरोबर आपोआप येतं, असं आपण धरून चालतो. चालणं तसं येतं. फेकणं, झेलणं, लंगडी मात्र सरावाशिवाय अर्ध्यावरच अडतात. पहिल्याच पायरीवर थांबलेली मोठी माणसं आपल्या आसपास कितीतरी असतात. अमेरिकन अभ्यासक व्हर्न सीफेल्ट यांनी १९८० मध्ये मांडलं, की लहानपणी ही मूळ कौशल्यं पक्की झाली नाहीत तर पुढे खेळ शिकताना वाटेत भिंत उभी राहते.

मग शिकवायचं कसं? ‘डावा पाय पुढे, कंबर वळव, कोपर वर’ असं एका दमात सांगितलं तर चार वर्षांचं मूल गोंधळून ताठ उभं राहतं. जवळच्या खुणेवर नेम धरायला लावलं तर फेक आखडते. पण दूरच्या भिंतीवर ‘जीव खाऊन मार’ म्हणा, की पाऊल बऱ्याचदा आपणहून पडतं. नाहीच पडलं तर जमिनीवर खडूने एक पाऊल काढायचं, पाय तिथेच टाकायचा. शिकवणाऱ्याने काम बदललं, उत्तर शरीराने शोधलं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

शरीर उत्तर शोधतं याचा माग १९२०च्या दशकात मॉस्कोत हालचालींचा अभ्यास करणाऱ्या निकोलाय बर्नस्टाइन यांना लागला होता. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या सराईत कामगारांच्या हालचाली त्यांनी छायाचित्रांत टिपल्या. घाव नेमका बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडं वेगळं वळत होतं. सराव म्हणजे तीच हालचाल घोकणं नव्हे. तोच प्रश्न पुन्हा नव्याने सोडवणं.

म्हणूनच रांगेत उभी मुलं आणि मध्ये एकच चेंडू, ही पी.टी.ची तासिका मला खटकते. जुन्या मोज्यांचे बोळे केले तरी प्रत्येकाच्या हातात काहीतरी येतं.

झेलताना मूल मान फिरवतं, डोळे मिटतं. त्याला घाबरट म्हणू नये. येणाऱ्या वस्तूपासून तोंड वाचवण्याची ती उपजत धडपड असते. त्याला ओरडण्यापेक्षा फुगा द्यावा. फुगा सावकाश उतरतो, डोळ्यांना मागोवा घ्यायला आणि हातांना सरकायला सवड मिळते. मग मोठा, मऊ चेंडू. लहान आणि वेगवान सगळ्यांत शेवटी.

आणि लंगडीत उचललेल्या पायाकडे बघा. नवशिक्याचा तो पाय नुसता अधांतरी अडकलेला असतो. सराव झाला की तोच पाय प्रत्येक उडीबरोबर झुलू लागतो, अंगाला वर उचलायला जोर देतो. एका पायावर हे जमलं की पाय बदलायला सांगायचं, कारण दुसऱ्या पायावर तेच मूल पुन्हा नवशिकं दिसतं.