वूफर कुणाच्या गळ्यातला?

मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत पुढ्यात आली की आधी आपली छाती धडधडते, मग टपरीवरच्या बरण्या थरथरतात, आणि कोपऱ्यावरचा लाल्या शेपूट पायांत घालून बोळात पळतो. त्या बिचाऱ्याला कुणी सांगायचं, की ज्याला भिऊन तो पळतोय त्या डब्याचं नाव त्याच्याच जातभाईंच्या गळ्यातून आलंय! धिप्पाड कुत्र्याचं घोगरं, खर्जातलं भुंकणं म्हणजे इंग्रजीत ‘वूफ’. म्हणून खर्ज काढणारा स्पीकर झाला वूफर. वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर मात्र पाखरांच्या वाट्याला गेला. त्यांच्या चिवचिवाटावरून तो ट्वीटर.

इंग्रजी कुत्रा अंगाच्या मापानं भुंकतो. मोठा ‘वूफ’ करतो, तर दारावरची बेल वाजली की सोफ्यावरून उडी मारणारं पामेरियन ‘यिप’ आणि ‘यॅप’ करतं. उगाच बडबडत सुटलेल्या माणसालाही इंग्रजीत ‘यॅप’च करायला लावतात. ‘लिटल ऑर्फन ॲनी’ ही अमेरिकी चित्रपट्टी १९२४ साली सुरू झाली. त्यातला सँडी कुत्रा ना वूफ म्हणायचा ना यॅप, तो म्हणायचा ‘आर्फ’. अमेरिकेत हा आवाज रुळला तो बराचसा त्याच्यामुळे.

आपल्या ‘भूभू’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘बाउ-वाउ’. तोही आवाज आणि तोही बाळबोलीतला कुत्रा. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधल्या एका गाण्यात तो चक्क ध्रुपदासारखा येतो. पण त्याला विद्वानांच्या पंगतीत बसवलं ते मॅक्स म्युलरनं. होय, तोच. ऋग्वेदाचे सहा खंड छापणारा, हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकलेला, आणि तरी पुण्यात ज्याच्या नावाचं भवन आहे तो. माणसाची भाषा प्राण्यांच्या आवाजांची नक्कल करता करता जन्मली, असं मानणाऱ्यांची १८६१च्या लंडनमधल्या व्याख्यानांत त्यानं खिल्ली उडवली आणि त्यांच्या मताला नाव ठेवलं ‘बाउ-वाउ सिद्धान्त’. उद्गारांतून भाषा झाली म्हणणाऱ्यांचा सिद्धान्त ‘पूह-पूह’! टिंगलीत ठेवलेली ही नावं आजही भाषाशास्त्राच्या पुस्तकांत गंभीर चेहऱ्यानं छापली जातात.

काही शब्द कुत्र्याकडे नंतर आले. शेपटीवर पाय पडला की कुत्रं केकाटतं, ते ‘येल्प’. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता बढाई मारणं! कुठे मिशीला पीळ देणारा योद्धा आणि कुठे हे केकाटणं. दाराशी बसून कुत्रं बारीक सुरात कुणकुणतं ते ‘व्हाइन’, आणि हा शब्द मुळात सूंऽऽ करत जाणाऱ्या बाणाचा. आता तो कटकट्या माणसांना लावतात.

काही शब्द दोन्हीकडे चालतात. कुत्रा गुरगुरतो ते ‘ग्राउल’. तेच क्रियापद भुकेल्या पोटालाही चालतं. म्हणजे जेवायला उशीर झाला की साहेबाच्या पोटात कुत्रं गुरगुरतं, आणि आपल्या पोटात कावळे ओरडतात. ज्याच्या त्याच्या अंगणातला प्राणी!

सगळ्यात झकास गोष्ट ‘बे’ची. वास लागलेले शिकारी कुत्रे लांबलचक, घुमणारा आवाज काढतात, तो ‘बे’. शब्द जुन्या फ्रेंचमधला. पाठलागानं दमलेलं सांबर शेवटी एखाद्या कड्याला पाठ लावून वळतं आणि भुंकणाऱ्या टोळीकडे शिंगं रोखतं, तेव्हा ते ‘ॲट बे’ असतं. शिंगांच्या धाकानं कुत्रेही चार हात लांब थबकतात. पुढे संकट थोपवून धरायला हाच वाक्प्रचार आला. मच्छर किंवा सर्दी ‘ॲट बे’ ठेवणाऱ्या मलमांच्या जाहिरातींत ते सांबर अजून उभंच आहे.

रॅकून झाडावर चढला की अमेरिकेतले शिकारी कुत्रे बुंध्याशी उभे राहून भुंकत. रॅकून तोवर पलीकडच्या झाडावर पसार झालेला असला, की कुत्रा ‘चुकीच्या झाडावर भुंकतोय’. आपल्याकडे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी जातो, तसलाच प्रकार.

नामसाधर्म्याला मात्र फसू नका. भुंकणं म्हणजे ‘बार्क’ आणि झाडाची साल म्हणजेही ‘बार्क’, पण ही साल थेट उत्तरेतल्या व्हायकिंगांच्या भाषेतून आलेली. तिचं भुंकण्याशी नातं नाही. लंडनच्या पूर्वेला बार्किंग नावाची वस्ती आहे, तीही कुत्र्यांची नव्हे. आणि पुण्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत रोज छापून येतं ते ‘ट्रॅफिक स्नार्ल’? दात विचकून गुरगुरणं म्हणजे ‘स्नार्ल’ खरं, पण हा स्नार्ल वेगळा, दोऱ्याच्या गुंत्याचा. संध्याकाळी सहाला विद्यापीठ चौकात अडकलेल्यांनी कुठलाही अर्थ घ्यावा, चालून जाईल.

जाता जाता एक अक्षर. रोमन लोक ‘आर’ला कुत्र्याचं अक्षर म्हणायचे, कारण जीभ थरथरवून ते लांबवलं की गुरगुर ऐकू येते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधल्या दाईलाही हे ठाऊक असतं. रोमिओचं नाव त्याच अक्षरानं सुरू होतं म्हणून ती जरा बिचकते. मी हे कोपऱ्यावर तपासून पाहिलं. लाल्यासमोर उकिडवा बसून एक लांबलचक ‘र्रर्रर्र’ काढला. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, एक जांभई दिली आणि टपरीवाल्याच्या बिस्किटाकडे निघून गेला.