लिंकनच्या आजोबांचा शोध

शाळेंत शिकवतांना अब्राहाम लिंकनचें चरित्र मीं किती वेळां सांगितलें असेल, ह्याचा हिशेब नाहीं. ओंडक्यांची झोपडी, गरीब बाप, चुलीच्या उजेडांत वाचन आणि शेवटीं अमेरिकेचें अध्यक्षपद! मुलें तल्लीन होऊन ऐकत. एकदां मात्र एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, त्याचा बाप गरीब कां होता?" मीं म्हणालों, "शिकलेला नव्हता म्हणून." उत्तर खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. त्या प्रश्नाचें खरें उत्तर लिंकनच्या आजोबांच्या मृत्यूच्या सालांत दडलेलें आहे, हें निवृत्तीनंतरच्या वाचनांत मला कळलें. तें साल कसें हातीं लागलें, तें आज सांगावयाचें आहे.

आजोबांचें नांवही अब्राहाम लिंकनच. आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची रीत आपल्यासारखी त्या घराण्यांतही होती, आणि वंशावळ शोधणाराची तीमुळें जितकी सोय होते, तितकीच फसगतही होते. हे आजोबा व्हर्जिनियांतील रॉकिंगहॅम कौंटीचे शेतकरी. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग. तेथील जमीन विकून ते डोंगरांपलीकडे केंटकीच्या अरण्यांत गेले. हा मुलूख शॉनी वगैरे मूळ रहिवाशांच्या शिकारीचा. गोरे लोक त्यांत घुसूं लागले होते आणि दोन्ही बाजूंनीं रक्तपात नित्याचा झाला होता.

एके दिवशीं तीन मुलांसह शेतांत काम करीत असतां रानांतून गोळी आली आणि आजोबा जागच्या जागीं पडले. थोरला मॉर्डेकाय बंदूक आणावयास झोपडीकडे धांवला, मधला जोसाया मदतीसाठीं गढीकडे पळाला, आणि धाकटा थॉमस बापाच्या प्रेतापाशीं राहिला. एक हल्लेखोर त्याच्याकडे येतांना दिसतांच मॉर्डेकायनें झोपडींतून नेम धरून त्याला मारलें. हा वांचलेला थॉमस म्हणजेच पुढें अध्यक्ष झालेल्या लिंकनचा बाप. घराण्याच्या सर्व आख्यायिकांमध्यें हीच आपल्या मनावर सर्वांत खोल ठसली आहे, असें लिंकननें एका पत्रांत लिहिलें आहे.

परंतु हें घडलें केव्हां? १८४८ सालीं लिंकन काँग्रेसचा सभासद असतां मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हिंगम गांवच्या सॉलोमन लिंकन नांवाच्या गृहस्थांनीं त्याच्याकडे पूर्वजांविषयीं चौकशी केली. लिंकननें कळविलें कीं, आजोबा सुमारें १७८२ सालीं केंटकींत गेले व दोन वर्षांनीं मारले गेले. बाप सहाव्या वर्षीं पोरका होऊन निरक्षर राहिला, म्हणूनच बहुधा घराण्याची माहिती आपल्याला इतकी तोकडी आहे, असेंही त्यानें प्रांजळपणें लिहिलें. ह्या हिशेबानें मृत्यूचें साल १७८४ ठरतें.

आतां कागद काय म्हणतात तें पाहूं. लाँग रन नांवाच्या ओढ्यावरील चारशें एकर जमिनीची मोजणी ७ मे १७८५ रोजीं झाली. त्या मोजणीच्या कागदांत मालक म्हणून "अब्राहाम लिंकहॉर्न" हें नांव आहे! त्या रानांत कारकून कानांवर पडेल तसें नांव लिही. शोधणारा "लिंकन" हींच अक्षरें धरून बसला असता, तर हा कागद त्याच्या हातून निसटला असता. म्हणजे १७८५ सालीं आजोबा हयात होते. त्यांचा मृत्यु मे १७८६ मध्यें झाला असें आज मानतात. थॉमस तेव्हां आठ वर्षांचा असावा. घराच्या आठवणींत प्रसंग जसाच्या तसा राहिला, साल मात्र मागें सरकलें.

दोन वर्षांनीं असें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. पण सालाला येथें फार मोल आहे. केंटकी त्या वेळीं व्हर्जिनियाचाच भाग होता, आणि बापानें मृत्युपत्र केलेलें नसल्यास सारी जमीन थोरल्या मुलाला, असा तेथील जुना कायदा होता. जेफर्सननें पुरस्कारलेला नवा कायदा १७८५ सालीं मंजूर झाला. त्यानें सर्व मुलांना वांटा दिला. पण तो अंमलांत आला १ जानेवारी १७८७ पासून! अवघ्या सात-आठ महिन्यांनीं थॉमसचा वांटा हुकला. जमीन मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा मोलमजुरी करीत व सुतारकाम शिकत वाढला. तरीही १८०३ सालीं त्यानें मिल क्रीक येथें ११८ पौंडांना शेत विकत घेतलें. पुष्कळ चरित्रकारांनीं ह्या माणसाला आळशी ठरविलें आहे. मला तो अन्याय वाटतो.

अशा शोधांत सरकारी खानेसुमारी कितपत उपयोगी पडते? पहिली खानेसुमारी १७९० ची. तींत फक्त कुटुंबप्रमुखाचें नांव; बाकीचीं माणसें आंकड्यांत. केंटकीचीं तर १७९० आणि १८०० चीं दप्तरेंच उरलेलीं नाहींत, तेथें कराच्या याद्यांवर भागवावें लागतें. १८१० मध्यें वर्षा-दीड वर्षाचें मूल म्हणजे दहा वर्षांखालील मुलांच्या रकान्यांतला एक आंकडा. घरांतील प्रत्येकाचें नांव प्रथम १८५० सालीं लिहिलें गेलें. तेंही स्वतंत्र माणसांचेंच. गुलामांची यादी निराळी, तींत मालकाचें नांव आणि खालीं नुसतें वय, लिंग, वर्ण. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागें जातांना काय यातना पडत असतील! नांवें असलीं तरी वयावर विसंबूं नये. १८६० च्या नोंदींत लिंकनच्या पत्नीचें वय पस्तीस आहे. बाई तेव्हां एकेचाळीस वर्षांच्या होत्या. १८९० चीं बहुतेक दप्तरें १९२१ च्या आगींत गेलीं.

हिंगमच्या लिंकनांशीं नातें असावें असा संशय लिंकनलाही होता. मॉर्डेकाय, अब्राहाम हीं नांवें दोन्हींकडे होतीं. पण ह्या साम्यापलीकडे कांहीं हातीं लागलें नाहीं, असें त्यानें १८५९ सालीं लिहून ठेविलें. १६३७ सालीं इंग्लंडांतून आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंतची सांखळी पुढें संशोधकांनीं मृत्युपत्रें व खरेदीखतें धुंडाळून जुळविली.

एका कागदाची गोष्ट राहिली. लिंकनच्या आईबापांचें लग्नच झालें नव्हतें, अशी कुजबूज त्याच्या विरोधकांनीं पसरविली होती. थॉमसचें बिऱ्हाड हार्डिन कौंटींत, म्हणून लग्नाची नोंद तेथें शोधीत. ती तेथें नव्हती. लग्न झालें होतें शेजारच्या वॉशिंग्टन कौंटींत. १८७८ सालीं तेथील कचेरींत तो कागद सांपडला: १० जून १८०६ चा जामीनकतबा, आणि लग्नाची तारीख १२ जून. लिंकनच्या हत्येला तेव्हां तेरा वर्षें होऊन गेलीं होतीं.