पायाखालचे देव

हौदाच्या तळाशी देव रेखायचा, तर तो पाण्याचाच हवा. झ्यूग्मा नगरातल्या एका श्रीमंत घरमालकाला हे नेमके कळले होते. त्याच्या उथळ हौदाच्या तळावर समुद्रदेव पोसायडन रथ हाकतो आहे. त्याच्या खाली ओकेआनोस आणि तेथिस या जलदेवतांचे चेहरे, भोवती मासे. ओला झाला की दगडाचा रंग गडद होतो. हौद भरल्यावर ते देव किती खुलत असतील!

झ्यूग्मा म्हणजे जोड. आजच्या तुर्कस्तानात, युफ्रेटिस नदीच्या उताराशी, इसवी सनपूर्व ३००च्या सुमारास सिकंदराचा सेनापती सेल्यूकस याने हे नगर वसवले. पुढे ते रोमन साम्राज्यात आले, तिथे रोमन सैन्याची छावणी पडली, व्यापाराचा पैसा आला. सत्ता रोमची असली तरी भाषा आणि कथा ग्रीकच राहिल्या. म्हणून इथल्या चित्रांत पात्रांची नावे ग्रीक अक्षरांत लिहिलेली दिसतात.

ही चित्रे मोझेकची आहेत. मोझेक म्हटले की आपल्याला घरातली ठिपक्यांची फरशी आठवते. रोमन मोझेक मात्र एकेक खडा हाताने बसवून केलेले असे. खाली दगडांचा थर, त्यावर चुना आणि खडी, त्यावर चुना आणि विटांची भुकटी. शेवटचा चुन्याचा मऊ थर एका वेळी खडे बसवता येतील तेवढाच घ्यायचा, कारण तो सुकायच्या आत खडे दाबून बसवावे लागत. तांबडा, पिवळा, करडा, काळा हे रंग दगडातूनच मिळत. झळाळत्या निळ्या-हिरव्यासाठी काचेचे तुकडे येत. किनारीला मोठे खडे चालत. चेहऱ्याला मात्र काही मिलिमीटरचे बारीक खडे लागत, आणि त्यांच्या ओळी गालाच्या, कपाळाच्या वळणाने फिरत. गुलाबी खड्याशेजारी पिवळसर, मग तपकिरी, अशा पायऱ्यांनी गाल उचलून येई.

कथा निवडतानाही विचार असे. एका फरशीवर अकिलीझ आहे. युद्धात मुलगा मरेल या भीतीने आईने त्याला मुलीच्या वेशात राजकन्यांमध्ये लपवले. धूर्त ओडिसियस तिथे पोहोचला, शस्त्रे समोर आली, आणि अकिलीझने ढाल-भाला उचलला. कारागिराने नेमका तोच क्षण पकडला आहे: वेश मुलीचा, हात योद्ध्याचे.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास पर्शियाच्या शापूर राजाने नगर जाळले. कोसळलेली घरे आणि टेकडीवरून वाहून आलेली माती यांनीच या फरश्या जपल्या. त्यांचे खरे हाल झाले ते विसाव्या शतकात. डायोनिसस आणि अरियाद्नी यांच्या विवाहचित्राचा मोठा भाग १९९८ साली चोरांनी कापून नेला. २००० साली बिरेजिक धरणाचे पाणी नगराच्या खालच्या भागात चढू लागले. पाण्याशी शर्यत करत पुरातत्त्वज्ञांनी फरश्यांवर कापड चिकटवले, तुकडे सोडवले आणि उचलून वर नेले.

त्या फरश्या आज गाझिआन्तेप शहरातल्या, २०११ साली उघडलेल्या संग्रहालयात आहेत. फरश्या सुट्या टांगून भागले नसते; म्हणून तिथे खांब आणि भिंतींसह घरांची मांडणी पुन्हा उभी केली आहे. हे मला फार मोलाचे वाटते. हौदातला देव हौदातच कळतो. नुसत्या भिंतीवर तो अर्धा उरतो.

याच संग्रहालयात एका अंधाऱ्या दालनात ‘जिप्सी मुलगी’ या नावाने ओळखला जाणारा मोझेकमधला चेहरा एकटाच आहे. डोक्याला रुमाल, विस्कटलेले केस आणि कुठूनही पाहा, आपल्याकडेच वळणारे डोळे. काही अभ्यासक तिला डायोनिससची भक्तीण मानतात. तिच्याच फरशीचे बारा तुकडे चोरीला जाऊन परदेशी गेले होते आणि १९६५ साली एका अमेरिकी विद्यापीठाने ते विकत घेतले. २०१८ साली ते तिच्याजवळ परतले.

बहुतेक कारागिरांची नावे गेली. उरलेल्यांपैकी एक: सामोसाताचा झोसिमोस. त्याने आपल्या गावासह नाव खड्यांत बसवले. सामोसाता याच नदीकाठी, वरच्या अंगाला होते. तेही दुसऱ्या एका धरणाखाली गेले. त्याचे गाव पाण्यात आहे आणि ज्या नगरात तो कामाला आला त्याचाही काठ पाण्यात आहे. चुना ओला असताना त्याने दाबलेली अक्षरे मात्र अजून पक्की आहेत.