थरथरणारी धार

सिलिकॉन कार्बाइडचे तंतू सिलिकॉन कार्बाइडच्याच आधारद्रव्यात बसवून तयार होणारे सिरॅमिक संमिश्र हा आजच्या विमानविद्येतील एक विलक्षण पदार्थ आहे. त्याची घनता निकेलच्या मिश्रधातूंच्या सुमारे एकतृतीयांश असूनही त्या मिश्रधातूंना न सोसणारे तापमान तो सोसतो, आणि २०१६ पासून प्रवासी विमानांत वापरल्या जाणाऱ्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे कडे त्याचेच असते. तथापि, अशा पदार्थाचा भाग अचूक मापावर आणणे अत्यंत अवघड असते, आणि त्याचे कारण केवळ कठीणपणा हे नव्हे. तंतू व आधारद्रव्य यांच्यामध्ये बोरॉन नायट्राइडसारख्या द्रव्याचा अतिशय पातळ थर मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. त्यामुळे आधारद्रव्यात उठलेली चीर तंतूला छेदून न जाता त्याच्या कडेने वळते आणि मुळातला ठिसूळ पदार्थ चिवट होतो. इंजिनात तारून नेणारा हाच थर हत्याराखाली मात्र घात करतो, कारण हत्याराच्या दाबाने तंतू त्याच जागी सुटतात आणि पाडलेल्या छिद्राच्या कडेचे टवके उडतात.

हा दाब कमी करण्याचा उपाय म्हणजे हत्यार श्राव्यातीत, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, वारंवारतेने कंप पावत ठेवणे. लुईस बालामुथ यांनी १९४५ मध्ये पेटंट घेतलेल्या मूळ पद्धतीत कंप पावणारे हत्यार पाण्यात कालवलेले कठीण कण पृष्ठभागावर आदळवीत असे. पुढे हिऱ्याचे कण हत्यारातच बसवून ते हत्यार फिरवले जाऊ लागले आणि कामाचा वेग वाढला. हत्यार अक्षाच्या दिशेने कंप पावते तेव्हा हिऱ्याचा प्रत्येक कण सतत न घासता वारंवार ठोका देतो, भेगा आखूड व उथळ राहतात, भुकटी निघून जाण्यास आणि शीतक द्रव आत शिरण्यास वाव मिळतो.

कापण्याच्याच दिशेने कंपन दिले, जसे लेथवर देतात, तर एक मर्यादा काटेकोरपणे मोजता येते. सेकंदाला २०,००० कंपने आणि मध्यस्थितीपासून १० मायक्रोमीटर विस्थापन, म्हणजेच आयाम, असेल तर धारेचा कमाल कंपनवेग मिनिटाला सुमारे ७५ मीटर होतो. कापण्याचा वेग याहून कमी असेल तरच धार प्रत्येक आवर्तनात कापल्या जाणाऱ्या भागापासून क्षणभर सुटते, अन्यथा ती चिकटूनच राहते आणि पद्धतीचा मुख्य लाभ हातचा जातो. अनेक वर्णनांत या अटीचा उल्लेखही नसतो, हे खेदकारक आहे, कारण उत्पादनाचा वेग आणि कडेची गुणवत्ता यांतली खरी ओढाताण तिच्यातच आहे.

आयाम वाढवत नेणे हाही सरळ मार्ग नव्हे. वरील उदाहरणात हत्याराचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १६,००० पट असते, आणि ठोका फार जोराचा झाला तर हिऱ्याचे कणच फुटतात किंवा निखळतात. शिवाय एवढे कंपन विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या पिझोइलेक्ट्रिक चकत्यांपासून थेट मिळत नाही. निमुळत्या होत जाणाऱ्या धातूच्या दांड्याने ते वाढवावे लागते आणि त्यासाठी चकत्या, दांडा व हत्यार यांची संपूर्ण जोडणी अनुस्पंदनात, म्हणजे तिच्या नैसर्गिक वारंवारतेवर, ठेवावी लागते. ही वारंवारता हत्यार झिजल्याने, तापल्याने किंवा पदार्थावर टेकल्याने सरकते, आणि म्हणून चकत्यांना वीज पुरवणाऱ्या विद्युतजनित्राला काम चालू असतानाच सतत तिचा माग काढत राहावे लागते.