एका अक्षराने अर्थ फिरतो

मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. वेलांटी चुकली की अर्थ चुकतो, हे मुलांना प्राथमिक शाळेतच कळते. इंग्रजीतही असेच होते. तिथे वेलांटीऐवजी एखादे अक्षर घात करते.

नोकरीच्या अर्जात ‘ही संधी मला गमवायची नाही’ असे लिहायचे असते. गमावणे या अर्थाच्या ‘लूझ’मध्ये ‘ओ’ एकच. दोन ‘ओ’ लिहिले की तो शब्द ‘लूस’ होतो, म्हणजे सैल! अर्ज वाचणाऱ्याला म्हणायचे काय ते समजते, पण त्याबरोबर उमेदवाराचा निष्काळजीपणाही दिसतो. अशा वेळी संगणकावर विसंबून चालत नाही. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे तो बऱ्याचदा ही चूक दाखवतच नाही.

मग हे शब्द लक्षात ठेवायचे कसे? नुसती घोकंपट्टी उपयोगाची नाही.

शब्दाचे काम ओळखा

‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला. हे नाम, म्हणून त्यात ‘सी’. ‘ॲडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे. हे क्रियापद, म्हणून त्यात ‘एस’. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांचे उच्चार बदलत नाहीत, पण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये नियम हाच: नामाच्या शेवटी ‘सीई’, क्रियापदाच्या शेवटी ‘एसई’. अमेरिकेत मात्र ‘प्रॅक्टिस’ नेहमी ‘सी’ने आणि ‘लायसन्स’ नेहमी ‘एस’ने लिहितात. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश पद्धत शिकवली जाते, तेव्हा परीक्षेत तीच पाळावी.

शब्दाचे कूळ शोधा

वह्या, कागद, पेन या अर्थाच्या ‘स्टेशनरी’त ‘ई’ असतो, तर स्थिर या अर्थाच्या ‘स्टेशनरी’त ‘ए’. गंमत म्हणजे दोघांचे मूळ एकच. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरत. विद्यापीठाजवळ एका जागी दुकान मांडणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला ‘स्टेशनर’ हे नाव पडले. लंडनमध्ये या व्यावसायिकांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला. ‘स्टेशनर’ हा दुकानदार ‘ईआर’ने संपतो, म्हणून त्याच्या मालातही ‘ई’. एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ मिटला.

‘कॉम्प्लिमेंट’चेही तसेच. मधे ‘आय’ असेल तर प्रशंसा, ‘ई’ असेल तर पूरक गोष्ट. पूरक म्हणजे पूर्ण करणारे, आणि पूर्ण म्हणजे ‘कम्प्लीट’. या दोन शब्दांची पहिली सहा अक्षरे सारखीच आहेत.

शब्द वाक्यात वापरा

मुलांकडून जोड्या पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक शब्दाचे एक वाक्य लिहून घ्यावे, तेही त्यांच्या रोजच्या जगण्यातले. ‘प्रिन्सिपल’ने मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहावा, त्यात शेवटी ‘एएल’. तत्त्वाच्या ‘प्रिन्सिपल’वर, म्हणजे शेवटी ‘एलई’ असलेल्या शब्दावर, आजोबांविषयी एक ओळ लिहावी. असे वापरलेले शब्द परीक्षेत दगा देत नाहीत आणि पुढे नोकरीच्या अर्जातही नाहीत.