कंपनीची बससुद्धा कामाची जागा

पहाटे खोपोलीच्या नाक्यावर कंपनीची बस लागते. पहिल्या शिफ्टच्या बायका मांडीवर डबा धरून बसतात. मागच्या सीटवरून रोज कुणी अचकटविचकट बोलत असेल, मुद्दाम अंगाला लागत असेल, तर ‘हे गेटबाहेरचं, आमचा काय संबंध’ असं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाने दिलेली गाडीही कामाची जागाच मानतो. ठेकेदाराकडून आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, अशी प्रत्येक बाई त्यात येते. खालापूरच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्या बायकांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती नेमावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. हा बाहेरचा सदस्य मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची बढती साहेबाच्या हातात नसते. समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायचा. एचआरच्या फाईलमध्ये ठेवून भागत नाही. समिती नेमलीच नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड.

तक्रार तीन महिन्यांत, लेखी द्यायची. अडचण असेल तर समिती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. पण ‘लिहून आण, मग बघू’ म्हणत बाईला परत पाठवायचं नाही. तिला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला समितीनेच मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तोवर तिने मागितलं तर तिची किंवा त्रास देणाऱ्याची बदली, नाहीतर तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, अशी शिफारस समिती करू शकते. अहवालावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची; तिला पोलिसांत जायचं असेल तर मदतही करायची. आणि पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे प्रत्येक सुपरवायझरला सांगून ठेवायला हवं.

कर्जतकडच्या फार्महाऊसवर मात्र दोन-तीनच माणसं, आणि त्रास देणारा बऱ्याचदा मालक स्वतः. तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. वाडीवरच्या बाईने जिल्ह्याचं ठिकाण असलेलं अलिबाग गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. म्हणून कायद्याने तालुक्यालाच नोडल अधिकारी ठेवला आहे. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. हे अधिकारी नेमाच, असं सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातून आलेल्या प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. त्यांचं नाव आणि फोन नंबर तहसील कचेरीच्या भिंतीवर, बाजाराला आलेल्या बाईच्या नजरेला पडेल असा हवा.